लिनक्स सर्व्हरवर फाइल जात नाहीये? या चुका टाळा

"एफटीपी (सर्व्हरवर फाइल पाठवायची जुनी पद्धत) चालत नाहीये, जरा बघा ना" एवढाच निरोप येतो आणि मग जो तो आपल्याला सुचेल ते करतो. कोणी फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारतं, म्हणजे तो सगळ्यांना लिहायला उघडा करतं, कोणी फायरवॉल बंद करतं, कोणी एसईलिनक्स (लिनक्सचा सुरक्षेचा वेगळा थर), आणि यातल्या कशाने तरी फाइल गेली की सर्व्हर तसाच उघडा टाकून सगळे घरी जातात. मला याचा खरंच त्रास होतो, कारण नेमकं काय बिघडलं होतं ते कोणालाच कळलेलं नसतं.

"चालत नाही" म्हणजे चारपैकी एक गोष्ट असते. कनेक्शनच होत नाही, किंवा लॉगिन होत नाही, किंवा लॉगिन होतं पण फाइलींची लिस्ट येत नाही, किंवा लिस्ट येते पण फाइल चढत नाही. चारही ठिकाणची कारणं वेगळी आहेत, म्हणून आधी गाडी कुठे अडली ते विचारा आणि एररचा आकडा जसाच्या तसा मागून घ्या.

कनेक्शन होत नसेल तर एरर किती वेळाने येते ते बघा. लगेच "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर बहुतेक त्या पोर्टवर (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कोणी लिसनच करत नाहीये, सर्व्हिस बंद आहे. बराच वेळ थांबून टाइमआउट झालं तर वाटेत कुठलातरी फायरवॉल पॅकेट गिळतोय, आणि सर्व्हर क्लाउडवर असेल तर तिथला सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे क्लाउडचा स्वतःचा फायरवॉल, वेगळा असतो हे विसरू नका. "नो रूट टू होस्ट" आलं की लोक नेटवर्कवाल्याला फोन लावतात, पण फायरवॉलडी (लिनक्सवरचा फायरवॉल) पोर्ट अडवतो तेव्हाही हाच मेसेज येतो. व्हीएसएफटीपीडी (लिनक्सवरचा एफटीपी सर्व्हर) सुरूच होत नसेल तर कॉन्फिग फाइलमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस पडलीये का बघा, ती चालत नाही. लिसन आणि लिसन आयपीव्ही६ हे दोन्ही यस ठेवले तरी सर्व्हिस उठत नाही.

लॉगिनला ५३० येतंय आणि पासवर्ड तर बरोबर आहे? मग त्या युजरचा शेल (लॉगिननंतर कमांड घेणारा प्रोग्राम) बघा. सुरक्षेसाठी आपण नॉलॉगिन देतो, पण पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) युजरचा शेल ईटीसीमधल्या शेल्स फाइलमध्ये आहे का ते तपासतं आणि नसेल तर सरळ नाही म्हणतं. एफटीपीयुजर्स नावाच्या फाइलमध्ये नाव असेल तरी हेच होतं. त्यात रूटचं नाव मुद्दाम घातलेलं असतं, ते कृपया काढू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. लॉगिन झालं, आणि लिस्ट मागितली की अडकून बसतं. एफटीपीला दोन कनेक्शन लागतात, २१ पोर्टवर नुसत्या कमांड जातात आणि फाइल किंवा लिस्ट दुसऱ्या पोर्टवरून जाते. आयआयटी कानपूरला शिकलेल्या अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ११४ (इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) पासून या प्रोटोकॉलचा प्रवास सुरू होतो, तेव्हा आजच्यासारखे फायरवॉल आणि नॅट (आतले पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे लपवणारी सोय) नव्हतेच. पॅसिव्ह मोडमध्ये (दुसरं कनेक्शन क्लायंट जोडतो, कुठे जोडायचं ते सर्व्हर सांगतो) सर्व्हर २२७ हा कोड देतो आणि कंसात सहा आकडे, पहिले चार म्हणजे आयपी आणि शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. शेवटचे दोन १९५ आणि ८० असतील तर १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे पोर्ट ५००००. हा हिशोब एकदा हाताने करून बघाच, कारण त्यातून दोन गोष्टी लगेच कळतात: तो पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा आहे का, आणि आयपी बाहेरचा आहे की आतला.

१० किंवा १७२.३१ ने सुरू होणारा आयपी दिसला तर सर्व्हर बाहेरच्या माणसाला घरातला पत्ता देतोय. कॉन्फिगमधल्या पीएएसव्ही ॲड्रेसला पब्लिक आयपी द्या, आणि पीएएसव्ही मिन पोर्ट आणि मॅक्स पोर्टला ५०००० ते ५०१०० अशी रेंज देऊन तेवढेच पोर्ट उघडा. फाइलझिला (लोकप्रिय एफटीपी क्लायंट) असा आतला पत्ता आला की स्वतःहून सर्व्हरचा बाहेरचा आयपी वापरतो, त्यामुळे तुमच्याकडे चालतं आणि क्लायंटच्या जुन्या स्क्रिप्टमधून चालत नाही, आणि मग भांडण लागतं. अजून एक, साधं एफटीपी चालतंय पण टीएलएस (एन्क्रिप्शन) लावलं की लिस्ट अडकते, असं झालं तर समजून घ्या की आधी फायरवॉल तो २२७ वाचून पोर्ट आपोआप उघडत होता आणि आता एन्क्रिप्शनमुळे त्याला काहीच वाचता येत नाही. उपाय तोच, ठरलेली रेंज.

फाइल चढत नसेल आणि ५५० येत असेल तर कॉन्फिगमध्ये राइट इनेबल यस केलंय का बघा, कारण मुळात ते बंद असतं. ५५३ असेल तर फोल्डरचा मालक आणि परमिशन तपासा. तेही बरोबर असेल तर एसईलिनक्सचा ऑडिट लॉग वाचा, बंद नका करू, लॉगमध्ये काय अडवलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि "५०० ऊप्स, रिफ्यूजिंग टू रन विथ रायटेबल रूट" आलं तर युजरला ज्या फोल्डरमध्ये कोंडलंय त्याचीच राइट परमिशन काढा आणि आत अपलोड नावाचा वेगळा फोल्डर द्या. फाइल चढली पण वेबसाइट ४०३ देतेय, तर कॉन्फिगमधला लोकल यूमास्क (नवीन फाइलमधून कोणत्या परमिशन काढायच्या ते ठरवणारा आकडा) मुळात ०७७ असतो, तो ०२२ करा. डिस्क भरलीये का ते डीएफ -एच ने बघतातच सगळे, पण डीएफ -आय ने आयनोडही (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी) बघा, तेही संपतात.

एसएफटीपी हे प्रकरणच वेगळं आहे, नाव सारखं वाटलं तरी. ते एसएसएचचा (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीचा) भाग आहे, पोर्ट २२, त्यामुळे व्हीएसएफटीपीडीच्या फाइलमध्ये काहीही बदललं तरी त्याला फरक पडत नाही, आणि मी लोकांना यात अख्खी दुपार घालवताना पाहिलंय. इथे सीएचरूटचा फोल्डर (युजरला ज्यात कोंडलंय तो) आणि त्याच्या वरचा प्रत्येक फोल्डर रूटच्याच मालकीचा हवा, दुसऱ्या कोणाला राइट नको, नाहीतर लॉगिन होताच कनेक्शन तुटतं. ७७७ मारल्यावर जे होतं ते इथे फार वाईट, होम फोल्डर सगळ्यांना लिहिता येतोय असं दिसलं तर एसएसएच लॉगिनची की (किल्ली) नाकारतं, म्हणजे काल चालणारं लॉगिनसुद्धा गेलं. "रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग" आलं तर बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणारी फाइल) कोणीतरी एको टाकून स्वागताची ओळ लिहिलेली असते, ती काढा. आणि एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करायची कमांड) ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, आतून एसएफटीपीच वापरतं, त्यामुळे समोरच्या जुन्या सर्व्हरवर एसएफटीपी नसेल तर कॅपिटल ओ चा ऑप्शन द्यावा लागतो.

एक चूक अशी आहे जिला एररच येत नाही. आमच्याकडे एका छापखान्याच्या पीडीएफ रात्री यायच्या आणि आमचा क्रॉन (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारा) दर पाच मिनिटांनी त्या उचलायचा, मोठी फाइल अर्धी चढलेली असतानाच उचलली जायची आणि सकाळी पानं फाटलेली. कितीतरी दिवस आम्ही नेटवर्कला दोष देत होतो. मग पाठवणाऱ्याला सांगितलं की फाइल आधी डॉट पार्ट नावाने चढवा आणि पूर्ण झाली की त्याच फोल्डरमध्ये रिनेम करा, आणि क्रॉनला ते डॉट पार्टवालं सोडायला शिकवलं. तेव्हापासून एकही पान फाटलेलं आलं नाही.

कॉन्फिग बदलताना एसएसएचचं एक जुनं सेशन उघडं ठेवा, रीस्टार्टच्या आधी एसएसएचडी -टी चालवून एसएसएचची कॉन्फिग फाइल तपासा, आणि नवीन खिडकीतून लॉगिन होतंय हे बघूनच जुनी बंद करा.