कारखाना बदलल्यावर नोटीस आली तर काय करायचं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी अकरा वर्षं डाईंग (रंगाई) मास्तर होतो. राजीनामा देऊन दुसऱ्या कारखान्यात लागलो आणि तिसऱ्याच आठवड्यात वकिलाची नोटीस घरी आली: 'सोलापूर जिल्ह्यात दोन वर्षं असंच काम करणार नाही, हे तुम्ही लिहून दिलंय. काम थांबवा, पाच लाख भरा.' त्या रात्री घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरून नवी नोकरी सोडू नका. जुन्या शेठना फोन करून गयावया किंवा भांडणही करू नका.

आधी आपण सही केलेला कागद काढून वाचा. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 नुसार कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. म्हणून नोकरी रीतसर सुटल्यानंतरची 'दोन वर्षं इथं काम करू नका' ही अट आपल्याकडची कोर्टं सहसा पाळायला लावत नाहीत. मुदत आणि जिल्हा कितीही ठळक छापलेला असो.

नोकरी चालू असतानाची गोष्ट मात्र वेगळी. 1967 च्या गोलिकरी खटल्यात कल्याणच्या कारखान्यातल्या माणसानं पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून कोटा इथल्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरली होती. सुप्रीम कोर्टानं कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती मनाई योग्य ठरवली. म्हणून मुदतीचा करार असेल तर आधी तो वाचा आणि नोटीस पिरियड पूर्ण करा. राजीनाम्याच्या प्रतीवर 'मिळाला' असा शिक्का, सही आणि तारीख घ्या. बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर ठरलेले पैसे भरायची लेखी हमी, दिला असेल तर तोही वाचा. कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. पण 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड मान्य केलाय, तेव्हा बाँड म्हणजे नुसता कागद असं समजू नका.

खरी जोखीम असते सोबत नेलेल्या वस्तूंची. रिअॅक्टिव्ह रंगात मीठ किती वेळ मुरू द्यायचं, 60 डिग्रीला सोडा कधी सोडायचा, हे माझ्या हाताला कळतं. ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण शेडचं, म्हणजे रंगछटांचं, रजिस्टर कारखान्याचं. निळ्या कापडी पुठ्ठ्याचं ते रजिस्टर, प्रत्येक पानावर टॉवेलचा चिकटवलेला तुकडा आणि खाली ग्रॅममध्ये रेसिपी. त्यातलं कितीतरी माझ्याच अक्षरात होतं. देताना जीव तुटला, तरी पानं मोजून दिलं आणि पोच घेतली. फोटो काढला नाही. आज माझ्या बाजूनं सगळ्यात भक्कम कागद ती पोच आहे. डिझाइनच्या फायली, गिऱ्हाइकांचे नंबर, एक्सपोर्टचे दर यांनाही हाच नियम. काही आधीच मोबाइलमध्ये असेल तर गुपचूप पुसू नका, वकिलांना दाखवा.

नोटिशीला उत्तर वकिलाकडूनच द्या आणि त्यात राजीनाम्याची तारीख, पूर्ण केलेला नोटीस पिरियड, परत केलेल्या वस्तू एवढंच येऊ द्या. नव्या मालकांनाही नोटीस दाखवा, कारण दाव्यात त्यांनाही ओढतात. फी परवडत नसेल तर सोलापूरच्या न्यायालय आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. औद्योगिक कामगार आणि महिलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो.

आणि कॅव्हेट टाका, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज कोर्टात द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली ते दाखल केलं की तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई हुकूम मिळणं अवघड होतं. त्याची प्रत समोरच्याला नोंदणी केलेल्या टपालानं पाठवावी लागते, ती पावती जपा. ते 90 दिवसच चालतं. माझं पहिलं संपायच्या आठवडाभर आधी दुसरं टाकलं. ती तारीख बायकोनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली होती.