डायलिसिस कॅथेटरचं कोडिंग: शीर्षक सोडा, शीर शोधा

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकन हॉस्पिटलांचे क्लेम कोड करणाऱ्यांसाठी हे आहे. चालू वर्षाचं सीपीटी (प्रोसिजरचे कोड), आयसीडी-१० (निदानाचे कोड) आणि एनसीसीआयच्या एडिट्स (कुठले दोन कोड एकत्र चालत नाहीत याचे नियम) समोर उघड्या आहेत, असं मी धरते.

आधी कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी, टनेल्ड आहे की नाही ते बघा. त्वचेखालून वाट काढून कफ (नळीभोवतीचा पट्टा) आत बसवला असेल तर टनेल्ड. थेट शिरेत घालून बाहेर टाका मारला असेल तर नॉन-टनेल्ड. पाच वर्षं किंवा त्यावरच्या रुग्णाला नॉन-टनेल्डसाठी ३६५५६ आणि टनेल्डसाठी ३६५५८ लागतो. पाचच्या आतल्या मुलांना अनुक्रमे ३६५५५ आणि ३६५५७.

ब्रँडच्या नावावरून हे ठरवू नका. शिकागोचे नेफ्रॉलॉजिस्ट डॉ. सखाराम माहूरकर यांच्या नावाचा कॅथेटर डॉक्टरांच्या प्रोसिजर नोट्समध्ये सतत भेटतो, आणि तो तात्पुरताही मिळतो, कफवालाही. नोटमध्ये ‘टनेल’ किंवा ‘कफ’ सापडेपर्यंत थांबा. ‘ड्युअल लुमेन’ (एका नळीत दोन मार्ग) वाचून दोन कॅथेटरचा कोडही लावू नका. दोन लुमेन असले तरी कॅथेटर एकच. ३६५६५ फक्त दोन वेगळे कॅथेटर दोन वेगळ्या ठिकाणांहून शिरेत घातले तरच, उदाहरणार्थ टेसिओ प्रकारचा कॅथेटर.

हे कोड लागायला कॅथेटरचं टोक सबक्लेव्हियन, ब्रॅकिओसेफॅलिक, इलियाक, व्हेना कावा या मोठ्या शिरांपैकी एकीत किंवा हृदयाच्या उजव्या कर्णिकेत पोहोचलं पाहिजे. एवढं बघून पुढे जा.

आता खरी कटकट: जुना काढून नवा घातला तेव्हा काय करायचं? सुरुवातीला मला हाच टप्पा सगळ्यात जड गेला, कारण शिकवणारा प्रत्येक जण वेगळं सांगायचा. कोणी म्हणे ‘एक्स्चेंज लिहिलंय ना, मग ३६५८१ टाक’, कोणी म्हणे ‘काढला आणि घातला, म्हणजे दोन कोड’. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. प्रश्न एकच: नवा कॅथेटर शिरेत कुठून शिरला?

जुन्या टनेल्ड कॅथेटरमधून वायर घातली, तो काढला आणि त्याच वायरवरून नवा टनेल्ड बसवला, तर शिरेतला प्रवेश तोच राहिला. कोड ३६५८१, एकटाच. काढण्याचं काम त्यातच धरलेलं असतं, त्यामुळे काढण्याचा कोड ३६५८९ वेगळा लावायचा नाही. डॉक्टरांनी शिरेतली जागा तीच ठेवून त्वचेखालची वाट नवी केली, तरीही ३६५८१च, कारण कोडचं वर्णन शिरेतल्या प्रवेशाबद्दल बोलतं.

आता नोटच्या शीर्षकात ‘टनेल्ड कॅथेटर एक्स्चेंज’ आहे, पण आत लिहिलंय की उजव्या जुग्युलरमधला (मानेतल्या शिरेतला) कॅथेटर काढला आणि डावी जुग्युलर अल्ट्रासाउंडखाली नव्याने टोचली. हे एक्स्चेंज नाही. इथे ३६५८९ आणि ३६५५८ दोन्ही द्यायचे. एडिट अडवत असेल तर ५९ किंवा एक्सएस मॉडिफायर (काम वेगळं होतं हे सांगणारी, कोडला जोडायची खूण) इथे रास्त आहे, कारण शीर खरोखरच वेगळी आहे. पण क्लेम अडला की ५९ चिकटवायची जी सवय असते, ती ऑडिटमध्ये महागात पडते. नोटमधलं कुठलं वाक्य त्या ५९ला आधार देतं, ते दाखवता येत नसेल तर लावू नका.

तिसरा प्रकार डायलिसिसमध्ये रोजचा: तात्पुरता नॉन-टनेल्ड काढून त्याच वायरवरून टनेल्ड बसवणं. जागा तीच म्हणून लोक ३६५८१ टाकतात. तो कोड टनेल्डच्या जागी टनेल्डसाठी आहे. इथे नव्याने टनेल्ड बसला, म्हणून ३६५५८. तात्पुरता काढण्याचे वेगळे पैसे नाहीत: टाका कापून ओढला की तो येतो, त्याला काढण्याचा कोडच नाही. ३६५८९ टनेल्डसाठी आहे, कारण तिथे कफ सोडवून काढावा लागतो.

नोटमध्ये जागा स्पष्ट नसेल तर डॉक्टरांना क्वेरी पाठवा. ‘बहुधा तीच शीर असेल’ हा कोडिंगचा आधार होऊ शकत नाही, सुपरवायझरला कितीही घाई असली तरी.

इमेजिंग: फ्लोरोस्कोपीला ७७००१. कॅथेटरमधून सोडलेला कॉन्ट्रास्ट आणि टोकाची शेवटची फिल्म त्यातच येते. अल्ट्रासाउंडच्या ७६९३७साठी मात्र शिरांची पाहणी, निवडलेली शीर मोकळी असल्याची नोंद, सुई शिरताना प्रत्यक्ष दिसणं आणि जपून ठेवलेली इमेज हे सगळं हवं. ‘अल्ट्रासाउंडच्या मदतीने’ एवढ्या दोन शब्दांवर हा कोड देऊ नका. वायरवरच्या ३६५८१मध्ये नवी सुईच टोचलेली नसते, त्यामुळे तिथे तो बहुतेक वेळा बसतच नाही. काम हॉस्पिटलमध्ये झालं असेल तर डॉक्टरांच्या बिलात ७७००१ आणि ७६९३७ दोन्हींना २६ मॉडिफायर (फक्त डॉक्टरांच्या कामाचा वाटा).

निदानात किडनी पूर्ण निकामी असेल तर एन१८.६ आणि, डायलिसिसवर असल्याचा, झेड९९.२. सोबत रक्तदाब असेल तर आधी आय१२.०, मग एन१८.६. डॉक्टरांनी फक्त अचानक किडनी बिघडल्याचं लिहिलं असेल तर एन१७.९, तिथे स्वतःहून एन१८.६ जोडू नका. कॅथेटर सरकला तर टी८२.४२एक्सए, गळत असेल तर टी८२.४३एक्सए. डायलिसिस कॅथेटरच्या देखभालीसाठी झेड४९.०१. झेड४५.२ नको, पुस्तकात त्याच कोडखाली तसं स्पष्ट लिहिलंय.

पेरिटोनियल, म्हणजे पोटात बसवायचा, कॅथेटर आला तर हे सगळं विसरा. तो ४९ च्या मालिकेत: लॅप्रोस्कोपीने ४९३२४, उघडून ४९४२१, सुईने ४९४१८.

क्लेम सोडण्याआधी मागची तारीख बघा. मेडिकेअरमध्ये (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) ३६५५८, ३६५८१ आणि ३६५८९ यांना दहा दिवसांचा ग्लोबल काळ आहे, म्हणजे प्रोसिजरनंतरची नेहमीची देखभाल तेवढे दिवस त्याच पैशांत धरलेली असते, ३६५५६ला शून्य. सोमवारी बसवलेला टनेल्ड त्याच डॉक्टरांनी शुक्रवारी बदलला, तर दुसऱ्या क्लेमला ७८ की ५८ मॉडिफायर हे नोट वाचूनच ठरवा: गुंतागुंत झाली म्हणून पुन्हा ओटीत किंवा प्रोसिजर रूममध्ये नेलं असेल तर ७८, आधीच ठरलेला पुढचा टप्पा असेल तर ५८.