ठाणे-नवी मुंबईतली भयकादंबरी लिहिताय? या चुका टाळा

ओळखीतली मंडळी भयकादंबरीचं हस्तलिखित वाचायला देतात, तेव्हा बहुतेकदा गडबड एकाच ठिकाणी सापडते: आपलं भूत कोण, हे लेखकालाच ठाऊक नसतं. पहिल्या प्रकरणात पिंपळावरचा मुंजा असतो आणि चौथ्यात तोच विहिरीत पाय ओढतो. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असं म्हणतात. मरण वेगळं, म्हणून मागणंही वेगळं. कसा गेला, काय राहून गेलं, ते कुणाकडून हवंय, एवढं आधी वहीत लिहा.

अंगात येणं आणि झपाटणं यांची सरमिसळही नको. अंगात देवी आली की लोक पाया पडतात, ओटी भरतात, प्रश्न विचारतात. झपाटलेल्यापासून तेच लोक पोरांना लांब ठेवतात. घरच्यांना नेमकं काय झालंय ते कळत नाही, असा प्रसंग जरूर लिहा, पण तुम्हाला ते कळलेलं असू द्या.

सूड पोकळ वाटत असेल तर जमिनीकडे बघा. नवी मुंबई वसवणारी सिडको आली 1970 साली. आजच्या टॉवरांच्या जागी तेव्हा भातशेती होती, मिठागरं होती, आगरी-कोळ्यांची गावं होती. बाराव्या मजल्यावरच्या मुलाला झपाटणाऱ्याचा बांध त्याच पार्किंगखाली गेलेला असेल, तर सूडाला वजन येतं. मग किंचाळ्यांचीही गरज उरत नाही. नागपूरहून आलेला तो मुलगा जेवता जेवता आगरी बोलीतल्यासारखं 'झाड'ला 'झार' आणि 'डोळा'ला 'डोला' म्हणाला, की गावठाणातून कामाला येणाऱ्या मावशींच्या हातातलं ताट थांबतं.

मांत्रिक मुलीला बांधून मारतोय आणि अख्खी सोसायटी गप्प, हे आजच्या गोष्टीत पटत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुणीतरी पोलिसांना फोन करेलच. तो फोन कथेत घ्या, मांत्रिकाची घाई वाढेल. मारहाण मात्र चवीने रंगवू नका. तसा मार खाऊन खरी माणसं मेली आहेत.

घोडबंदर रोड रात्री सुनसान दाखवू नका, तिथे ट्रकांची ये-जा थांबत नाही. शांतता हवी तर ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात जा. तिथे झाडीत काही हललं की ठाणेकर वाचक आधी बिबट्याच समजणार. दोन पानं तसं समजू द्या.