एफआरपीच्या कामात उतरताना: आधी काँक्रीट वाचायला शिका

सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या सरकारी कॉलेजातून सिव्हिल करून बाहेर पडलं की एफआरपी (इपॉक्सीसारख्या रेझिनमध्ये बसवलेले कार्बनचे किंवा काचेचे तंतू) म्हणजे कार्बन फायबरची अफाट ताकद एवढंच डोक्यात असतं. ताकद खरीच आहे, तंतूची 3500 मेगापास्कलच्या पुढे. पण रेट्रोफिटिंगच्या, म्हणजे जुन्या बांधकामाला बळकटी द्यायच्या, कामात तंतू तुटेपर्यंत वेळ सहसा येतच नाही. त्याआधी इपॉक्सीने चिकटवलेलं तंतूंचं कापड काँक्रीटवरून सुटतं, आणि सुटताना काँक्रीटचा वरचा पापुद्रा सोबत घेऊन येतं. म्हणून पहिले काही महिने डिझाइनच्या सॉफ्टवेअरपेक्षा ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाशेजारी काढलेले बरे.

गिलावा काढल्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडा. गुलाबी झालं नाही त्या थराचं कार्बोनेशन झालेलं असतं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कधर्मीपणा गेलेला असतो. ते सळईपर्यंत पोचलं असेल तर आधी गंजाचा बंदोबस्त करा. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तसाच झाकून वर कापड गुंडाळलं तर तो आतून फुगतो आणि महागडं कापड कव्हरसकट (सळईवरच्या काँक्रीटच्या थरासकट) बाहेर ढकलतो. मग पुल-ऑफ चाचणी: काँक्रीटवर धातूची चकती चिकटवून ओढायची. 1.4 मेगापास्कलच्या आतच काँक्रीट उपटलं, तर तिथे एफआरपी चिकटवायचा विचार सोडा.

कोपरे किमान 13 मिमी त्रिज्येने गोल करायचे असतात. साइटवर 20-25 ठेवतात ते चांगलंच. टोकदार कोपऱ्यावर तंतूत ताण एकवटतो आणि खाली पोकळीही राहते.

ओलावा हा आपल्या भागातला खरा शत्रू. आयर्विन पुलापाशी कृष्णेने 40 फुटांची इशारा पातळी ओलांडल्यावर नदीकाठचे तळमजले पाण्यात जायला वेळ लागत नाही. पाणी ओसरल्यावर कॉलम वरून कोरडा दिसतो, आत ओलच असते. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून किमान 16 तास चिकटवून ठेवा. आतून दव धरलं, तर प्रायमरचा डबा उघडूच नका. पाटण-महाबळेश्वरकडे वेगळीच अडचण: हवा 27 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 24 च्या आसपास येतो. काँक्रीटचा पृष्ठभाग त्याहून किमान 3 अंश गरम लागतो, म्हणजे सकाळचं काम गेलं. जत-आटपाडीत उलट. एप्रिलच्या दुपारी इपॉक्सी बादलीतच तापून घट्ट होतं. तिथे एका वेळी थोडंच मिश्रण करा, दोन्ही भाग काट्यावर तोलूनच मिसळा. अंदाजाने ओतलेला हार्डनर नंतर दुरुस्त करता येत नाही.

आता कॉलमबद्दल, कारण चौकशी नेहमी त्याचीच येते: 'एक मजला वाढवायचाय, कार्बन गुंडाळून द्या.' आपल्याकडचे कॉलम भिंतीत लपवायला 230 बाय 450 किंवा 230 बाय 600 असतात. गुंडाळीचा पूर्ण फायदा गोल कॉलमला मिळतो. आयताकृतीत फक्त कोपऱ्यांजवळचा भाग नीट आवळला जातो. बाजूंचं प्रमाण 1.5 च्या वर किंवा एखादी बाजू 900 मिमीच्या वर गेली की एसीआय 440.2आर (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची एफआरपीची मार्गदर्शिका) ही वाढीव भारक्षमता धरू देत नाही. 450 भागिले 230 म्हणजेच जवळपास 2. अशा ठिकाणी काँक्रीट जॅकेटिंग (कॉलमभोवती सळई बांधून नवं काँक्रीट ओतणं) सुचवावं, भले आपलं काम जावो. शिअरसाठी, म्हणजे कातर बलासाठी, गुंडाळी उपयोगी पडते, पण तो हिशेब वेगळा.

आगीचा मुद्दाही ग्राहकाला आधीच सांगा. साइटवर लावलेलं इपॉक्सी साधारण 60 ते 80 अंशांतच मऊ पडतं, त्यामुळे आग लागल्यावर एफआरपी शून्य धरूनही इमारत उभी राहायला हवी.

नव्या बांधकामात जीएफआरपी, म्हणजे काचेच्या तंतूंच्या एफआरपीची, सळई येते. वजन लोखंडाच्या चौथाईच्या आसपास, गंज नाही. पुलाचा डेक किंवा पाण्याची टाकी यासाठी मोहक वाटते. आयएस 18256 हे तिचं भारतीय मानक. पण 12 मिमी लोखंडाच्या जागी 12 मिमी जीएफआरपी अशी अदलाबदल करू नका. तिचं मॉड्युलस (ताणाला न लांबण्याचा ताठपणा) 45-60 गिगापास्कल, लोखंडाचं 200; तेवढ्याच बलाला भेग आणि झोळ दोन्ही वाढतात. शिवाय ती लोखंडासारखी यील्ड होत नाही, म्हणजे आधी लांबून इशारा देत नाही, सरळ तुटते. साइटवर वाकवता येत नाही, वळणाचे तुकडे कारखान्यातूनच मागवावे लागतात. आणि एक गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही: काँक्रीटपेक्षा हलकी असल्याने व्हायब्रेटर लावला की ही जाळी वर तरंगू लागते. खाली बांधून घ्या. कापायला ग्राइंडर वापरा, तोंडाला मास्क हवाच.

इपॉक्सी पूर्ण सेट झाल्यावर नाण्याने किंवा हलक्या हातोडीने सगळीकडे ठोकून ऐका. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल करा. 1300 चौरस मिमीपेक्षा लहान फुगे (कापडाखालच्या पोकळ्या), एकूण क्षेत्राच्या 5 टक्क्यांच्या आत आणि चौरस मीटरला 10 पेक्षा जास्त नसतील, तर चालतात. त्यापुढचे 16,000 चौरस मिमीपर्यंतचे फुगे इंजेक्शनने भरा. त्याहून मोठे असतील तर तेवढं कापड कापून नवा तुकडा लावा, आणि बिल सही करण्याआधी तोही ठोकून बघा.