घाटाच्या ट्रॅकवर माड आणि चिरे: असेटो कोर्सात देखाव्याचा वेगळा थर

असेटो कोर्सा या कार-शर्यतीच्या संगणक खेळासाठी केलेला ट्रॅक तयार झाला, गाडी नीट पळते, पण आजूबाजूला सगळं ओसाड. अशा वेळी मूळ केएन5 फाइल (या खेळाची त्रिमिती मॉडेलची फाइल) उघडून तिच्यातच झाडं कोंबू नका. देखाव्याची स्वतंत्र केएन5 करा. काही बिघडलं तर तेवढीच काढून टाकता येते आणि रस्त्याला धक्का लागत नाही.

आधी ठिकाण ठरवा. गोव्यातून बेळगावकडे चढणारा चोर्ला घाट करत असाल तर पायथ्याच्या केरी गावापर्यंत माड, पोफळी, चिऱ्याचे गडगे आणि कौलारू घरं चालतील. वर चढताना मात्र रान हवं. वळणावळणावर माड लावलेत तर तिथला, सत्तरी तालुक्यातला माणूस पहिल्याच फेरीत हसेल.

ब्लेंडर या त्रिमिती मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकची मूळ फाइल उघडा आणि नवी झाडं-घरं तिथेच वेगळ्या कलेक्शनमध्ये (गटात) ठेवा. रस्ता जागचा हलवू नका, कारण दोन्ही केएन5 चा शून्यबिंदू एकच असावा लागतो. एक युनिट म्हणजे एक मीटर. कंट्रोल-ए दाबून स्केल आणि रोटेशन अप्लाय करा, मग फक्त नवं कलेक्शन एफबीएक्स या फाइलप्रकारात एक्सपोर्ट करा. एक्सपोर्टमध्ये स्केलिंग चुकलं की हमखास 100 पटींचा घोळ होतो: 18 मीटरचा माड 18 सेंटिमीटरचा, नाहीतर जवळपास दोन किलोमीटरचा. खात्रीसाठी एका वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर एक मीटरचा ठोकळा जुन्या आणि नव्या दोन्ही फाइलींत ठेवा. खेळात दोन्ही तंतोतंत एकावर एक बसले तर एकच ठोकळा दिसतो. तसं दिसलं की ठोकळे काढून टाका.

सगळ्यात जास्त छळतात त्या माडाच्या झावळ्या. पानं इतकी बारीक की दूर गेल्यावर मिपमॅपमध्ये (लांबून दाखवायच्या, चित्राच्या लहान प्रतींत) अल्फा, म्हणजे पारदर्शकतेची माहिती, पातळ होतो आणि झाडाचा नुसता खांब उरतो. म्हणून टेक्श्चरमध्ये (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रात) पानं खऱ्यापेक्षा थोडी जाड काढा आणि पारदर्शक भागाखाली पांढऱ्याऐवजी पानाचाच हिरवा रंग भरा, नाहीतर कडेला पांढरी किनार दिसते. हे चित्र डीडीएस फाइलीत, डीएक्सटी5 कॉम्प्रेशनने, मिपमॅपसह साठवा. लांबी-रुंदी 1024 किंवा 2048. केएस एडिटरमध्ये (एफबीएक्सची केएन5 करणारं साधन) झाडांना केएसट्री हा शेडर (पृष्ठभाग कसा रंगवायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम) द्या. झाडाच्या पट्ट्यांचे नॉर्मल (प्रकाश कसा पडेल ते ठरवणाऱ्या पृष्ठभागाच्या दिशा) वरच्या दिशेला वळवा, नाहीतर एक बाजू उजळ आणि दुसरी काळीठिक्कर दिसते.

दर झाड सुटं ठेवलंत तर ड्रॉ कॉल (ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायच्या सूचना) वाढून दर सेकंदाच्या फ्रेम कमी होतात. सगळी झाडं एकाच मेशमध्ये (त्रिमिती जाळीत) जोडलीत तर पाठीमागचं रानही सतत रंगवलं जातं. रस्त्याच्या 150-200 मीटरच्या टप्प्यातली झाडं एकत्र जोडा, हा मधला मार्ग. एका मेशमध्ये 65,535 पेक्षा जास्त व्हर्टेक्स (जाळीचे कोपरे) नकोत. लांबच्या डोंगरांना सावली पाडू देऊ नका, कास्ट शॅडोजची खूण काढा.

चिऱ्याच्या भिंतीला गाडी आपटायला हवी असेल तर दिसणारी भिंत तशीच राहू द्या आणि तिच्या आत साधा चपटा मेश ठेवा. त्याचं नाव अंक एक आणि वॉल असं सुरू होईल, इंग्रजी कॅपिटलमध्ये, मध्ये जागा न सोडता. तो मेश एडिटरमध्ये अदृश्य करा. नावाच्या सुरुवातीला अंक नसेल तर गाडी भिंतीतून आरपार जाते. झाडांच्या नावाआधी चुकूनही अंक देऊ नका.

आता ट्रॅकच्या फोल्डरमधली मॉडेल्स डॉट आयएनआय ही कोणत्या केएन5 दाखवायच्या ते सांगणारी फाइल उघडा (ट्रॅकचे वेगवेगळे लेआउट, म्हणजे मार्ग, असतील तर फाइलनावात अंडरस्कोर आणि लेआउटचं नाव). शून्य क्रमांकाच्या विभागात मूळ ट्रॅकची केएन5, एक क्रमांकाच्या विभागात नवी. पोझिशन आणि रोटेशन दोन्हीकडे 0,0,0. ही फाइल आधी नसेल आणि तुम्ही नवी करताना मूळ ट्रॅकची नोंद विसरलात, तर झाडं दिसतील पण रस्ता गायब असेल. क्रमांक मध्येच गाळू नका. मित्रांबरोबर सर्व्हरवर खेळणार असाल तर हीच बदललेली फाइल सर्व्हरवर आणि प्रत्येकाकडे हवी, नाहीतर चेकसम (फाइल तीच आहे ना ते तपासणारा आकडा) जुळत नाही आणि खेळाडू आत येताच बाहेर फेकला जातो.