जुन्या पुस्तकातून क्विल्ट शिवताय? या चुका टाळा

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून क्विल्टिंगचं, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं पांघरूण शिवण्याचं, एक जुनं अमेरिकन पुस्तक उचललं होतं. पानं पिवळी पडलेली, पण चित्रं झकास. त्यातला 'ओहायो स्टार' नावाचा आठ टोकांचा तारा उशीच्या अभ्र्यासाठी निवडला. तारा १२ इंचांचा व्हायला हवा होता. अभ्र्यात बसवल्यावर भरला साडेदहा, आणि त्याची टोकं शिवणीत गडप झालेली. दोन दिवस पुस्तकाला शिव्या घातल्या, मग उसवायला बसले तेव्हा चूक कुठे झाली ते दिसलं.

माया धरली आहे की नाही?

माया म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं जास्तीचं कापड. सगळ्यात जास्त कापड इथेच वाया जातं. गोल पात्याचा रोटरी कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणला. त्याआधीच्या पुस्तकांत बहुतेक काम पुठ्ठ्याच्या फर्म्यांवर (तुकडे आखायच्या साच्यांवर) चालतं आणि बरंचसं हातशिलाईचं असतं. हातशिलाईचा फर्मा शिवणीच्या रेषेचा असतो, कापायच्या रेषेचा नव्हे. तो कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून पेन्सिलीने आखायचा, भोवती पाव इंच माया सोडून कापायचं आणि आखलेल्या रेषेवर धावदोरा घालायचा. शिवणाऱ्या बाईला एवढं ठाऊकच असणार, असं धरून काही पुस्तकं हे सांगतही नाहीत. मी ४ इंचांचे चौकोन मोजून ४ इंचच कापले. दोन्हीकडून पाव-पाव इंच शिवणीत गेलं, दिसायला उरले साडेतीन. ताऱ्याच्या एका ओळीत असे तीन चौकोन, म्हणजे साडेदहा इंच!

ओळखायची युक्ती सोपी आहे. तयार ताऱ्याचं माप एका ओळीतल्या तुकड्यांच्या संख्येने भागा आणि छापलेल्या फर्म्यावर पट्टी लावा. १२ भागिले ३ म्हणजे ४. फर्मा ४ इंच भरला तर माया धरलेली नाही, साडेचार भरला तर धरलेली आहे. दोन रेषा छापल्या असतील तर बहुधा आतली तुटक रेषा शिवणीची असते.

फर्मा न वापरता पट्टीने कापणार असाल तर त्रिकोणांना हा अर्ध्या इंचाचा हिशेब लावू नका. तिरक्या बाजूची माया टोकाशी लांबत जाते. चौकोन एका कर्णावर कापून दोन त्रिकोण काढायचे असतील तर तयार मापात ७/८ इंच मिळवा, दोन्ही कर्णांवर कापून चार काढायचे असतील तर सव्वा इंच. ओहायो स्टारची टोकं दुसऱ्या प्रकारची, म्हणजे ४ इंचांसाठी चौकोन सव्वापाच इंचांचा कापायचा. त्रिकोणाची तिरकी बाजू औरेब, म्हणजे विणीला तिरकी असते, ती इस्त्रीखाली ताणली जाते. इस्त्री फिरवू नका, दाबा आणि उचला.

मशीनचा पाय पाव इंचाचा नसतो

सुईपाशी कापड दाबणाऱ्या पायाची कड पाव इंचावर धरून शिवतात, पण निदान माझ्या काळ्या मशीनचा पाय तेवढा नाही. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा. मधली पट्टी बरोबर १ इंच दिसली तर टीप ठीक आहे. नसेल तर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावून तिच्या कडेने कापड सरकवा. फरक सुतभर वाटतो, पण प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी १/१६ इंच चुकलं तर आठ तुकड्यांच्या ओळीत, म्हणजे सात शिवणींत, जवळजवळ एक इंच जातो.

इंच आणि सेंटिमीटर दोन्ही दिलेले असतील तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच धरा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, पुस्तकात ते सरळ ६ छापतात. 'एक चौकट म्हणजे एक इंच' असं जाळीवर काढलेलं चित्र असेल तर वर्तमानपत्रावर इंचाच्या चौकटी आखून ते उतरवून घ्या. फोटोकॉपी काढलीत तर आधी पट्टी लावून बघा.

दुकानात होणारी फसगत

अमेरिकन पुस्तकातलं 'मस्लिन' म्हणजे आपली मलमल नव्हे. त्यांना साधं, घट्ट विणीचं सुती कापड हवं असतं, आपल्याकडचं मांजरपाट. मी मलमल आणली होती, शिवणीपाशी सुटून आली. 'कॅलिको' तर आणखी गोंधळाचं. ब्रिटिश पुस्तकात त्याचा अर्थ मांजरपाटच, अमेरिकन पुस्तकात मात्र बारीक फुलांचं छापील सुती कापड. म्हणून पुस्तक कुठलं आहे ते आधी बघा.

यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. ९१.४४ सेंटिमीटर. पण पन्ह्याकडे, म्हणजे कापडाच्या रुंदीकडे, लक्ष द्या. ही पुस्तकं साधारण ४४ इंची पन्हा धरून चालतात. तुम्ही ३६ इंची घेतलंत तर एका वाराऐवजी सव्वा मीटर मागा.

कापायच्या आधी सगळी कापडं धुऊन आटवून घ्या. लाल, मरून आणि गडद निळ्यावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग उतरला तर ते कापड या कामाला नकोच. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर माझा विश्वास उरलेला नाही.

आतला कापूस

आत सुती थर घालणार असाल आणि पाकिटावर काही सांगितलं नसेल, तर टाक्यांच्या ओळी दोन-तीन इंचांहून लांब ठेवू नका. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातच गोळे होतात. पॉलिस्टरचा थर जास्त अंतर सोसतो.

पुस्तक म्हणतं, मध्यापासून बाहेर शिवत जा. माझी मावशी गोधडी कडेने सुरू करते आणि फेर घेत मध्याकडे येते. तिला पुस्तक दाखवलं तर म्हणाली, "अगं, कडेनं धरलं नाही तर लुगडी सरकतील की." तिचंही बरोबर आहे. गोधडीत जुन्या लुगड्यांचे सपाट थर असतात. आपण फुगीर थर घालतो, तो कडेने शिवत आलो की मध्ये कोंडतो आणि पाठच्या अस्तराला चुण्या पडतात. म्हणून आधी वरचं कापड, आतला थर आणि अस्तर असे तिन्ही थर चार-चार बोटांवर कच्च्या टाक्याने टाचून घ्या, मग मध्यापासून निघा.

नवं कापड कापण्यापूर्वी जुन्या चादरीचा एक चौकोन शिवून बघा. १२ इंचांचा तारा सुटा असताना, बाहेरच्या मायेसकट, साडेबारा भरायला हवा. माझा पहिला तारा उसवता उसवता अर्ध्यावर सोडून दिला, तो अजून शिवणाच्या डब्यात टाचण्या टोचायला आहे.