बिडाची डॅनिश शेगडी पेटवताना या चुका टाळा

डेन्मार्कात जुनं घर घेतलं की बैठकीच्या खोलीत बरेचदा एक काळी, जड, बिडाची शेगडी असतेच. आपल्या आज्ज्यांनी चुली सांभाळल्या, आपण बंबात सरपण घातलं, मग यात शिकायचं काय, असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात आठवड्याभरात काच काळीकुट्ट झाली, पडद्यांना धुराचा वास लागला आणि खोली मात्र गारच राहिली. ऊब धुरांड्यातून वाया जाऊ नये म्हणून मी हवेची झडप मिटून ठेवत होतो. सगळ्याचं मूळ तिथे होतं.

लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात, आणि उष्णतेचा मोठा वाटा त्या वायूंच्या जळण्यातून येतो. हवा तोडली की ते न जळताच वर जातात, गार धुरांड्यात डांबरासारखे चिकटतात, उरलेली काजळी काचेवर बसते. म्हणून रात्रभर धुमसत ठेवायची सवय पहिली सोडा. चुलीत निखारे राखेखाली झाकून सकाळी फुंकणीने फुलवणं वेगळं, आणि दार बंद केलेल्या शेगडीत ओंडका घुसमटवणं वेगळं. थोडं लाकूड, भरपूर हवा, पिवळाधमक जाळ. एक किलो सुक्या लाकडात साधारण 4 किलोवॉट-तास उष्णता असते, म्हणजे मध्यम शेगडीला तासाला दोन किलोच्या आतच पुरतं.

दुसरी चूक ओल्या सरपणाची. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली हवी. मीटरने मोजायची तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा, बाहेरची साल फसवते. मीटर नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: सुक्या असतील तर टणटण वाजतात, ओल्या असतील तर बद्द आवाज येतो. ओलं लाकूड जाळात सुस्कारतं आणि त्याच्या कापलेल्या टोकाशी पाण्याचे बुडबुडे येतात. इथे लोक लाकूड फोडून निदान एक उन्हाळा वाऱ्यावर ठेवतात, वरून झाकतात आणि बाजू उघड्या सोडतात. सगळीकडून प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर ते आतल्या आत कुबट होतं.

आता जी गोष्ट आपल्याला सर्वांत उलटी वाटते ती. चूल खालून पेटते, ही शेगडी वरून पेटवायची. तळाशी दोन ओंडके आडवे, त्यांवर आठ-दहा बारीक ढलप्या उभ्या-आडव्या रचायच्या आणि पेटवण सगळ्यात वर ठेवायचं. जाळ हळूहळू खाली उतरतो, खालून निघणारा धूर त्या जाळातूनच वर जातो आणि जाताना जळतो. खालून पेटवलं तर सगळी रास एकदम तापते आणि धुराचा लोट बाहेर. पहिल्यांदा वरून पेटवलं तेव्हा पाच-सात मिनिटं माझा जीव वरखाली झाला. मग अंगणात जाऊन धुरांड्याकडे पाहिलं, तर धूर जवळजवळ दिसतच नव्हता.

हा धुराचा प्रश्न डॅनिश घरांनी फार आधीपासून मनावर घेतला होता. जुन्या शेतघरांत बिडाच्या पाट्यांची पेटीसारखी शेगडी असे, तिच्यात सरपण स्वयंपाकघरातून, भिंतीपलीकडून घालत. बैठकीत फक्त ऊब आणि पाट्यांवर ओतलेले बायबलमधले प्रसंग. पाट्या बहुधा नॉर्वेच्या लोहकारखान्यांतून येत, कारण 1814 पर्यंत नॉर्वे डॅनिश राजाकडेच होता. पुढे 1853 मध्ये उत्तर डेन्मार्कातल्या लिमफ्योर्ड या खाडीतल्या मोर्स बेटावर मोर्सो ही बिडाची ओतशाळा सुरू झाली. बाजूवर खारीचं चित्र असलेली तिची 1410 क्रमांकाची छोटी शेगडी अजून कितीतरी घरांत दिसते. मला ती फार आवडते. वाळूच्या साच्यात ओतलेल्या बिडावर एवढी बारीक शेपटी उमटवणं हे कसबी हातांचं काम आहे.

पण अशी जुनी शेगडी हौसेने विकत घेण्याआधी बीड नीट तपासा. बीड उष्णता धरून ठेवतं, पण ठिसूळ असतं. तापलेल्या शेगडीवर पाणी मारलं किंवा ती लालबुंद होईपर्यंत भरली की तडा जातो. आत टॉर्च लावा आणि खोली अंधारी करून बाहेरून बघा, फट असेल तिथून उजेड झिरपतो. दार घट्ट बसावं म्हणून त्याच्या कडेला लावलेल्या दोरीची परीक्षाही सोपी: कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर दोरी बदला.

बिडाच्या तव्यासारखं हिला तेल मात्र लावू नका. तापल्यावर तेल धुरकटतं आणि डाग पाडतं. गंज असेल तर घासून शेगडीसाठी मिळणारा उष्णतारोधक रंग द्या आणि पहिले दोन-तीन जाळ लहान करा. तेव्हा रंग पक्का होताना वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा. काचेसाठी ओला वर्तमानपत्राचा कागद राखेत बुडवून फिरवा. राखेने भांडी घासलेल्या घरातल्या माणसाला हे सांगायला नको.

दार उघडताच धूर खोलीत येतो? आधी स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद करा. हल्लीची घरं इतकी घट्ट असतात की तो पंखा धुरांड्यातूनच हवा खाली खेचतो. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असू द्या. रंगवलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड कधीच जाळू नका.

नवी शेगडी बसवली की वापरण्याआधी धुरांडं साफ करणाऱ्याला दाखवावी लागते, आणि तो पुढे दरवर्षी येतो. त्याला टाळू नका, साचलेलं डांबर पेटलं तर धुरांडं आगगाडीसारखं घरघरतं. तसं झालं तर दार आणि सगळी हवा बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा आणि 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. पाणी ओतायचं नाही.

राख काढायची ती झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, आणि बादली अंगणात दगडावर. निखारा राखेत दोन-तीन दिवसही जिवंत राहतो.